प्रत्येक कागदाची नोंद की बॉक्सपुरती यादी? नवा संग्रह लावायच्या आधी ठरवा

युनिव्हर्सिटी लायब्ररीच्या अर्काइव्हमध्ये एखाद्या निवृत्त प्राध्यापकाचे किंवा बंद पडलेल्या संस्थेचे पन्नास-साठ बॉक्स येऊन पडले की पहिला प्रश्न हाच, प्रत्येक पत्र आणि प्रत्येक फोटो वेगळा नोंदवायचा की बॉक्स-फोल्डरपर्यंतच यादी करून संग्रह लगेच वाचकांना खुला करायचा?

दुर्मिळ छापील पुस्तकं या प्रश्नात येतच नाहीत हं. ती एकेक प्रत म्हणूनच कॅटलॉग करावी लागतात, कारण त्या प्रतीवरची सही, समासातल्या नोंदी, बांधणी, आधी कोणाकडे होती हेच तर तिचं मोल. खरा पेच आहे तो कागदपत्रांचा.

कागद-कागद नोंदवण्याच्या पद्धतीचा फायदा उघड आहे, नाव टाकून सर्च केलं की थेट पत्र सापडतं, काही गहाळ झालं तर नेमकं काय गेलं ते सांगता येतं, पुढे स्कॅन करताना प्रत्येक फाइलला लागणारी माहिती आधीच तयार असते आणि हाताखालून जाताना टाचण्या, स्टेपल, कसर लागलेली पानं सगळं दिसतं. पण यात एकच संग्रह माणसाची वर्षं खातो आणि तोवर बाकीचे बॉक्स गोदामात बांधलेले, त्यांची कुठेच नोंद नाही, म्हणजे संशोधकाच्या लेखी ते अस्तित्वातच नाहीत. मला ही बाजू सगळ्यात जास्त खुपते.

याच साचलेल्या ढिगावर बोट ठेवून मार्क ग्रीन आणि डेनिस मायस्नर या अमेरिकन अर्काइव्हवाल्यांनी 2005 मध्ये कमीत कमी प्रक्रियेची, म्हणजे कागद लावणं आणि यादी करणं शक्य तितकं थोडक्यात उरकण्याची, बाजू मांडली. विसाव्या शतकातले मोठे संग्रह घनफुटाला साधारण 4 तास या वेगाने लावता यायला हवेत असं त्यांचं म्हणणं, आणि खोलीचं तापमान-आर्द्रता स्थिर असेल तर प्रत्येक स्टेपल काढत बसायची गरज नाही हेही. आता यातली अट नीट वाचा, खोली दमट असेल तर स्टेपल गंजणार आणि कागदावर डाग पडणार, तिथे हा सल्ला जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

बॉक्सपुरत्या यादीत कष्ट संपत नाहीत, ते वाचकाकडे सरकतात. "पत्रव्यवहार, क ते ग" एवढंच लिहिलेलं असेल तर एका पत्रासाठी त्याला अख्खा बॉक्स चाळावा लागतो, वाचनकक्षातल्या माणसाचे हेलपाटे आणि लक्ष ठेवायचं काम वाढतं. तरीही आजच चाळायला मिळणं हे दहा वर्षांनी सुबक यादी मिळण्यापेक्षा बरंच.

माझं मत सरळ आहे, आधी सगळ्याच संग्रहांची बॉक्सपातळीची यादी, मग निवडक भाग खोलात. हे जमतं कारण आयसॅड-जी या अर्काइव्हमधल्या संग्रहांचं वर्णन कसं करायचं ते सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकाची रचनाच वरून खाली आहे, आधी पूर्ण संग्रहाचं वर्णन, मग मालिका (म्हणजे एकत्र मोडणाऱ्या फायलींचा गट), मग फाइल, मग सुटा कागद, आणि वर लिहिलेलं खाली परत लिहायचं नाही. अशा याद्या ठेवायचं एटॉम किंवा अर्काइव्ह्जस्पेस यापैकी कुठलंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी खालची पातळी नंतर जोडता येते, म्हणजे आज थोडक्यात केलं म्हणून उद्याचा रस्ता बंद होत नाही. फक्त मूळ क्रम मोडू नका. विषयवार लावायचा मोह होतो, पण कुठलं पत्र कुठल्या फाइलमध्ये ठेवलं होतं हाही पुरावाच असतो आणि एकदा विस्कटलं की परत जुळवता येत नाही.

काही गोष्टींना मात्र थोडक्यात उरकणं चालत नाही. विद्यार्थ्यांच्या गुणांच्या, आजारपणाच्या, शिस्तभंगाच्या फायली पान-पान बघूनच खुल्या करायच्या, नाहीतर कोणाचं तरी खाजगी आयुष्य उघड्यावर येईल. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या फिल्म लगेच वेगळ्या काढायच्या, त्या बिघाडातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या फिल्मही खराब करते. फ्लॉपी, सीडी, जुन्या हार्डडिस्क यांची कॉपी पहिल्या फेरीतच काढायची, त्या कागदाइतका दम धरत नाहीत. आणि सहज विकल्या जातील अशा किमती सह्या-नकाशे असतील तर त्यांची एकेक नोंद फोटोसकट हवीच.

कुठलीही पद्धत घ्या, बॉक्स आत आला त्याच दिवशी दाखल नोंद झाली पाहिजे: कोणी दिलं, किती बॉक्स, कायमचं दिलं की ठेवायला दिलं, कॉपीराइट कोणाकडे, कुठला भाग कधीपर्यंत बंद ठेवायचा. देणारी व्यक्ती समोर असते तेव्हाच हे विचारून लेखी घ्या, नंतर वारसांना गाठून विचारणं फार अवघड जातं.

आता खोलात कुठे जायचं, तर वाचनकक्षातल्या मागणीच्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि वर्षातून एकदा बघा. ज्या मालिकेचे बॉक्स सारखे बाहेर येतायत तिची सुटी नोंद आधी, बाकीच्या आहेत तशा राहू देत.