घरी डॅक मोजायचा तर: इंटरफेस, कॉसमॉस की क्यूए-४०३?

"मामानू, डॅक तर घेतलंय, पण मोजूचो कशान?" कुडाळहून भाच्याचा फोन. डॅक म्हणजे डिजिटल फाइलचं ध्वनीच्या विद्युत सिग्नलात रूपांतर करणारं यंत्र. डबलबारीच्या भजनांच्या जुन्या कॅसेटी तो संगणकावर उतरवतो आणि ऐकताना डाव्या कानात सारखी गुणगुण येते. ती कॅसेटीतली की डॅकमधली, हे त्याला पक्कं करायचं होतं. शिवाय पुढेमागे दोन डॅक शेजारी ठेवून कुठला सरस तेही बघायचं होतं. या दोन गरजा वेगळ्या आहेत आणि साधन कुठलं घ्यायचं ते यावरच ठरतं. मी तिन्ही वापरली आहेत: रेकॉर्डिंगचा साधा यूएसबी इंटरफेस (बाहेरचा आवाज संगणकात घेणारा डबा), ई-वन-डीएचा कॉसमॉस एडीसी (डॅकच्या उलट, सिग्नल डिजिटल करणारा) आणि क्वांटअसायलमचा क्यूए-४०३ हा ऑडिओ मोजायचा अॅनालायझर.

डॅक मोजणं म्हणजे त्याला एक स्वच्छ सूर वाजवायला लावायचा, आउटपुट पुन्हा डिजिटल करायचा आणि मूळ सुराखेरीज त्यात काय काय आलं ते बघायचं: नॉइज म्हणजे खरखर, आणि डिस्टॉर्शन म्हणजे सुराचा बिघाड, जो सुराच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीला हार्मोनिक म्हणून दिसतो. म्हणून मोजणारं यंत्र डॅकपेक्षा शांत हवं. दोघांचा नॉइज सारखा असेल तर आकडा ३ डीबीने वाईट दिसतो. डिस्टॉर्शन त्याहून फसवं असतं. दोघांचे हार्मोनिक उलट्या फेजमध्ये आले तर एकमेकांना खातात आणि डॅक आहे त्याहून चांगला दिसतो.

घरगुती इंटरफेसच्या माहितीपत्रकात लाइन इनपुटचं डिस्टॉर्शन आणि नॉइज मिळून साधारण ०.००२ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे मूळ सुराच्या सुमारे ९४ डीबी खाली, −९४ डीबी. आजचे चांगले डॅक −११५ ते −१२० पर्यंत जातात. तेव्हा असे दोन डॅक इंटरफेसला लावले तर दोघांचे आकडे सारखेच येणार, कारण आपण मोजतोय तो इंटरफेसच. पण दोष शोधायला हाच इंटरफेस पुरेसा आहे, हे मी ठासून सांगेन. एका चॅनेलचा आवाज दुसऱ्यापेक्षा कमी, पूर्ण आवाजाला शेंडे कापले जाणं, वरच्या फ्रिक्वेन्सीला उतार, मेन्सची (घरच्या विजेची, ५० हर्ट्झची) गुणगुण, सगळं त्यात लख्ख दिसतं. जोडताना लाइन इनपुटच वापरायचा आणि गेन (सिग्नल वाढवायचं बटण) अगदी खाली ठेवायचा. डॅकचे नेहमीचे २ व्होल्ट त्याला भरपूर होतात. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात मात्र डॅक लावू नका. तो इनपुट बहुतेक एकाच चॅनेलचा, माइकसाठी व्होल्टेज सोडणारा, आणि वर विंडोज त्या आवाजावर स्वतःची प्रक्रिया करतं ते वेगळंच.

यंत्राच्या किमतीआधी आपल्या किनाऱ्यावरच्या गोष्टी बघायला हव्यात. माझं घर मालवणात समुद्राजवळ आहे. श्रावणात डॅक जोडायच्या लीडच्या (वायरच्या) आरसीए पिना दोन आठवड्यांत काळपट पडतात, आणि पीन जराशी फिरवली की आलेखातला नॉइज खालीवर उडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लीड सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला लागल्यापासून माझी मापं एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी जुळायला लागली. दुसरं अर्थिंग. जांभ्यावर घर असेल तर उन्हाळ्यात जमीन सुकून अर्थिंगचा रोध वाढतो. मे महिन्यात मी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतूनच मोजायला बसतो. तिसरा लॅपटॉपचा चार्जर. तो लावलेला असताना ५०, १५०, २५० हर्ट्झवर काटेच काटे उभे राहतात. वायर उपटली की एका क्षणात खाली बसतात. म्हणून मोजताना लॅपटॉप बॅटरीवर. पावसात लाईट गेली म्हणून डॅक इन्व्हर्टरवर चालवून मोजत असाल तर तो स्क्वेअर वेव्हचा नाही ना, ते आधी बघा. त्याचे विषम हार्मोनिक हमखास आत शिरतात.

एवढं झाल्यावरच कॉसमॉसचा विचार करावा. हा मुठीत मावणारा डबा, आत ईएसएसची ईएस-९८२२ प्रो चिप. इनपुट किती व्होल्टला भरेल ते बारीक स्विचांनी ठरवता येतं, सुमारे १.७ पासून १०.७ व्होल्टपर्यंत. चांगल्या डॅकांची तुलना करायची तर घरगुती पैशात याच्या तोडीचं मला दुसरं काही सापडलं नाही. त्याच्या दोन अडचणी मात्र माहीत हव्यात. सर्वांत संवेदनशील ठेवला की त्याचा इनपुट इम्पीडन्स (डॅकला जाणवणारा रोध) हजार ओमच्याही खाली जातो आणि कमकुवत आउटपुटचा डॅक त्या भाराखाली बिचकतो. आणि मूळ कॉसमॉसमध्ये यूएसबीची जमीन (ग्राउंड) वेगळी केलेली नाही, म्हणजे वरचा चार्जरचा त्रास जसाच्या तसा.

ज्याला सोल्डरिंग येतं त्याने ट्विन-टी नॉच फिल्टर (एकच फ्रिक्वेन्सी दाबणारं सर्किट) करून बघावा. १५.९ किलोओम आणि १० नॅनोफॅरड धरले की तो १ किलोहर्ट्झला बसतो. मूळ सूर दाबला जातो, इनपुटवरचा ताण जातो आणि मागचे हार्मोनिक उघडे पडतात. साधा इंटरफेसही याने बराच पुढे जातो. फिल्टर दुसरा हार्मोनिक ९ डीबीने आणि तिसरा ५ डीबीने खाली आणतो. तेवढे डीबी मापात पुन्हा जोडायचे. कपॅसिटर फिल्म किंवा सीओजी जातीचेच घ्या. स्वस्त सिरॅमिक स्वतःच डिस्टॉर्शन करतात.

क्यूए-४०३ ची किंमत कॉसमॉसच्या कितीतरी पट. एवढे पैसे मोजून तो कॉसमॉसहून शांत मिळतो असं नाही. मोल आहे ते सोयीचं. सिग्नल जनरेटर आतच, सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर ० ते ४२ डीबी, आणि यूएसबीपासून विद्युतदृष्ट्या वेगळा, त्यामुळे ग्राउंड लूपची (यंत्रांच्या जमिनी एकमेकींना जोडल्याने शिरणाऱ्या गुणगुणीची) निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. अॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याने घ्यावा. नुसता डॅक मोजणाऱ्याने घेऊ नये.

आरईडब्ल्यू हे मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि इंटरफेस, कॉसमॉस दोन्हींना चालतं. एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजला वगळून यंत्राशी थेट बोलणारा) वापरा, नाहीतर विंडोज मध्येच सॅम्पल रेट बदलतं. आणि आलेखातली खालची रेघ −१५० ला दिसली म्हणून नॉइज −१५० समजू नका. ६५,५३६ नमुन्यांच्या एफएफटीत (सिग्नलची फ्रिक्वेन्सीनुसार फोड) नॉइज ३२,७६८ कप्प्यांत वाटला जातो, त्यामुळे रेघ खऱ्या नॉइजच्या सुमारे ४५ डीबी खाली दिसते. खरं माप एकूण नॉइजच्या आकड्यातच असतं.

भाच्याकडे कॅसेटी उतरवायचा इंटरफेस होताच. त्याला म्हटलं, आज काही विकत घेऊ नकोस. पूर्ण शांततेची एक फाइल डॅकवर लाव, लॅपटॉपचा चार्जर काढ आणि ५० हर्ट्झकडे बघ. काटा दिसला तर डॅककडच्या बाजूने डावी-उजवी पीन बदल. काटा उजव्या चॅनेलवर गेला तर दोष डॅकच्या डाव्या आउटपुटात, डावीकडेच राहिला तर लीडमध्ये नाहीतर इंटरफेसमध्ये. रात्री त्याने आलेखाचा फोटो पाठवला. शांत फाइलला ५० वर काहीच नव्हतं, भजनाच्या फाइलला डावीकडे ठसठशीत काटा. गुणगुण कॅसेट उतरवतानाच शिरली होती. आता आधी डेकची डावी लीड बदलणार आहे. कॉसमॉसचं दिवाळीनंतर बघू म्हणाला.