फळ्यावर दरासोबत ड्युटीही (आयात शुल्क) लिहिणारं गोलाईतलं तेलाचं दुकान

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानांच्या पुढे, हे जुनं तेलाचं दुकान आहे. मी इथून अकरा वर्षं तेल घेते. माझा फराळाचा व्यवसाय आहे. चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे, दिवाळीत अनारसे. एरवी महिन्याला दोन-तीन डबे पुरतात, दिवाळीच्या आधीच्या चार आठवड्यांत चौदा-पंधरा लागतात. एक किलो बेसनाच्या शेवेला मी साधारण चारशे ग्रॅम तेल धरते, त्यामुळे डब्याचा भाव हलला की माझ्या शेवेचा हिशोब त्याच दिवशी हलतो.

आधी दुकानाबद्दल. गल्ल्यावर बहुतेक वेळा आप्पा असतात, संध्याकाळी त्यांचा मुलगा. सोयाबीन, सूर्यफूल, पाम, शेंगदाणा, सरकी, सगळं डब्यात आणि पाऊचमध्ये मिळतं. सुटं तेल ते ठेवत नाहीत. पहिल्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला आप्पा एक गोष्ट हमखास विचारतात, "पंधरा किलोचा पाहिजे का पंधरा लिटरचा?" दोन्ही डबे बाहेरून सारखेच दिसतात. सोयाबीनचं एक लिटर तेल वजनाला ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम. १ किलो ३५० ग्रॅमचा फरक. दुसरीकडे "स्वस्त डबा" म्हणून लिटरचा डबा गळ्यात मारल्याचं मी स्वतः भोगलंय. इथे डबा काट्यावर ठेवून दाखवतात, न सांगता.

एवढ्यावर मी हे लिहायला बसले नसते. लिहायचं कारण २०२४ चा सप्टेंबर.

गौरीच्या आठवड्यात मी एका पतसंस्थेची दिवाळीची ऑर्डर घेतली. ११० पाकिटं, भाव ठरलेला, निम्मी रक्कम आगाऊ. डबा तेव्हा १,६८० रुपये होता आणि त्यावरच मी भाव काढला होता. गणपती अजून बसलेले होते. शुक्रवारी रात्री बातमी आली की केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं आणि ते १४ सप्टेंबर २०२४ पासून, म्हणजे दुसऱ्याच दिवसापासून लागू. कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावर मूळ शुल्क शून्य होतं ते २० टक्के झालं. रिफाइंड तेलावर साडेबाराचं साडेबत्तीस. अधिभार धरले तर कच्च्या तेलावर प्रत्यक्ष ५.५ टक्के बसायचे ते २७.५ झाले.

शनिवारी दुपारी मी घाईघाईने घराजवळच्या एका होलसेलवाल्याकडे गेले. त्याचं नाव लिहीत नाही. भाव होता १,९६०. डब्यावर धूळ होती, पॅकिंगची तारीख ऑगस्टची. मी म्हटलं, "हा डबा तर ड्युटीच्या आधीचा आहे." तो म्हणाला, "ताई, भाव आजचा." डब्यावर छापलेली किंमत त्याहूनही जास्त होती, त्यामुळे पुढे बोलायला जागाच नव्हती. हे मला त्या दिवशी नीट कळलं. तेलाचे डबे छापील किमतीच्या बरेच खाली विकले जातात. त्यामुळे जुना माल रातोरात महाग केला तरी दुकानदार कागदावर कुठेच सापडत नाही. जुन्या मालाला जुना भाव मिळणं हे पूर्णपणे त्या माणसाच्या मनावर राहतं.

तिथून रिक्षा करून गोलाईत आले. आप्पांच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: "सोयाबीन १५ किलो, जुनी ड्युटी, १,६८०. नवा माल आला की भाव बदलेल." गर्दी मावत नव्हती. घरगुती गिऱ्हाइकाला एकच डबा. मी चौदा मागितले. आप्पा म्हणाले, "ताई, तुमची ऑर्डर माहीत आहे मला. सहा देतो. सगळे तुम्हालाच दिले तर या बायांनी दिवाळी कशात तळायची?" मला तेव्हा वाईट वाटलं. पण समोर एक म्हातारी आजी पिशवीत पैसे मोजत उभ्या होत्या. मी सहा डबे घेतले.

तीन दिवसांनी, १७ तारखेला, केंद्राच्या अन्न सचिवांनी तेल कंपन्यांच्या संघटनांना बोलावून सांगितलं की कमी शुल्कात आलेला साठा संपेपर्यंत भाव वाढवू नका. देशात असा सुमारे ३० लाख टन साठा आहे, तो ४५ ते ५० दिवस पुरेल, असं सरकारनेच सांगितलं. त्या हिशोबाने दिवाळीचं तळण जुन्या भावात निघायला हवं होतं. माझ्या माहितीतल्या चार दुकानांपैकी तीन दुकानांत ते निघालं नाही. आप्पांनी कुणी सांगण्याआधीच फळा लिहिला होता.

उरलेले आठ डबे मी ऑक्टोबरमध्ये नव्या भावाने घेतले, १,९८० रुपयांनी. इथे मला आप्पांचं आणखी एक आवडलं. मी विचारलं, तीनशे रुपये खरंच वाढायला हवे होते का? त्यांनी बिलाच्या मागे आकडे मांडून दाखवले. बंदरावर उतरलेलं कच्चं तेल किलोला ९० रुपयांच्या आसपास धरा. शुल्क २२ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे किलोला वीस रुपये. पंधरा किलोला तीनशे. "नवा डबा महाग आहे तो शुल्कामुळेच आहे, त्यात माझं काही नाही. जुना डबा महाग विकला असता तर ते तीनशे माझ्या खिशात गेले असते." इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन बरंचसं अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. त्यामुळे दिल्लीत एक आकडा बदलला की तो माझ्या कढईपर्यंत जवळजवळ जसाच्या तसा येतो. त्या दिवाळीत आठ डब्यांवर मला २,४०० रुपये जास्त गेले. पतसंस्थेला दिलेला भाव मी बदलला नाही.

पैशाचं मी सोसलं. मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आला, आणि तो या दुकानावरचा नाही. हे शुल्क सोयाबीनच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून वाढवलं होतं. माझा धाकटा भाऊ औसा तालुक्यात सोयाबीन करतो. मला वाटलं, माझे तीनशे रुपये त्याच्याकडे जात असतील तर जाऊ देत. दिवाळीच्या आधी त्याने लातूरच्या आडतीवर २२ क्विंटल विकलं. पट्टीवर, म्हणजे आडत्याने दिलेल्या विक्रीच्या पावतीवर, भाव होता ४,१५०. हमीभाव होता ४,८९२. सरकारी केंद्रावर गेला होता, पण ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून माल घेतला नाही. ती अट नोव्हेंबरच्या मध्यावर पंधरा टक्के केली, तोवर त्याचं सोयाबीन विकून खताची उधारी फिटली होती. क्विंटलमागे ७४२ रुपये, एकूण सोळा हजारांच्या वर, गेले ते गेले.

हे असं का झालं, हेसुद्धा मला याच दुकानात बसून कळलं. तेलाचे डबे उतरवणारे हमाल, एक आडत्या आणि आप्पा चहा पीत बोलत होते. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास. बाकी जवळजवळ सगळी पेंड. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त उभा असतो. पेंडीचे भाव जगात उतरले होते. आणि इथे मका-तांदळापासून इथेनॉल काढताना जो चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात त्याला, तो स्वस्त पडतो म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात पेंडीऐवजी जायला लागला. तेलावर कितीही शुल्क लावलं तरी पेंडीला गिऱ्हाईक नसेल तर सोयाबीन वर कसं येणार? भावाच्या शेतातून माझ्या कढईपर्यंत अंतर तीस किलोमीटरसुद्धा नसेल. मी जास्त दिले आणि त्याला कमी मिळाले. ती पट्टी मी अजून माझ्या हिशोबाच्या वहीत ठेवली आहे.

आता २०२५ चं. २८ मे २०२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४३६ रुपयांनी वाढून ५,३२८ झाला. भावाचा फोन आला, खूष होता. दोनच दिवसांनी, ३० मेला, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के केलं. अधिभारांसह २७.५ चं १६.५. रिफाइंडचं मात्र अधिभारांसह ३५.७५ वरच ठेवलं, म्हणजे तेल कच्चंच यावं आणि रिफाइन करायचं काम इथल्या कारखान्यांना मिळावं. ते पटण्यासारखं आहे.

बातमी वाचून मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. फळ्यावर "जुनी ड्युटी" लिहिलेलं, भाव तोच. मी जरा चिडूनच विचारलं, "आप्पा, आता तर उतरायला पाहिजे ना?" ते म्हणाले, "ताई, हे डबे महाग ड्युटीचे आहेत. चढताना जुना माल जुन्या भावाने दिला, उतरतानाही तसाच देणार. तुम्हाला घाई नसेल तर पंधरा दिवस थांबा." पहिल्या क्षणी हे सोयीचं उत्तर वाटलं. घरी आल्यावर पटलं, कारण सप्टेंबरात त्याच नियमाने माझे सहा डब्यांचे अठराशे रुपये वाचले होते. आणि "थांबा" असं गिऱ्हाइकाला सांगून स्वतःची विक्री मागे ढकलणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. मी थांबले.

हिशोबाने शुल्क ११ टक्क्यांनी उतरलं, म्हणजे डब्यामागे दीडशे रुपये कमी व्हायला हवेत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नवा माल आला तेव्हा आप्पांकडे ९० रुपये उतरले. राहिलेले साठ कुठे गेले, हेही त्यांनी सांगितलं. अमेरिकेने जूनमध्येच डिझेलमध्ये वनस्पती तेल जास्त वापरायचा प्रस्ताव आणला, त्याने जगभर सोयातेल चढलं. मी घरी येऊन बातमी पाहिली, तारीख जुळली. घराजवळच्या त्या होलसेलवाल्याकडे याच दिवशी फक्त चाळीस रुपये उतरले होते. चढताना त्याला एक रात्र पुरली होती.

आता तक्रारी. गोलाईत गाडी लावायला जागा नाही, दुचाकीसुद्धा लांब लावून चालत यावं लागतं. डबे गोदामातून येतात, गोदाम मागच्या गल्लीत, त्यामुळे चार डबे घ्यायचे तर अर्धा तास जातो. घरपोच देतात, पण दिवाळीच्या आठवड्यात "देतो" म्हणून देत नाहीत. मागच्या वर्षी दोन दिवस वाट पाहून मीच टेम्पो केला. एक डबा तळाला गळका निघाला. बदलून दिला, मात्र मला दोनदा यावं लागलं, कारण संध्याकाळी मुलगा होता आणि तो आप्पांना विचारल्याशिवाय काही करत नाही. त्याला दरवाढीचं कारण विचारलं तर "कंपनीने वाढवलं" एवढंच सांगतो. आप्पांची ही फळ्याची रीत त्याने उचलावी असं मला मनापासून वाटतं. आप्पांचं वय सत्तरीच्या पुढे आहे.

करडईचं घाण्यावरचं तेल इथे मिळत नाही. आमच्या भागात एकेकाळी घरोघरी करडईच होती. त्यासाठी मला दुसरीकडे जावं लागतं.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा घरपोचच्या त्या दोन दिवसांसाठी कापला.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, आप्पा असतात आणि गर्दी नसते. आधी फळा वाचा. किलो का लिटर ते पाहा, पॅकिंगची तारीख पाहा. श्रावण तोंडावर आहे, त्यासाठी मी काल तीन डबे आणले. भावाची पेरणी झाली आहे. यंदा सोयाबीन निघालं की ओलावा अटीत बसेपर्यंत माझ्या गच्चीवर वाळत घालायचं असं आमचं ठरलंय, ताडपत्री मी घेऊन ठेवली आहे.