गंगापूर रोडचं डेक्सा सेंटर: मशीन मस्त, विचारपूस नाही

आईचा डेक्सा (हाडांची घनता मोजायचा स्कॅन) केला त्याला महिना झाला, मुद्दाम उशिरा लिहितेय, त्याच दिवशी लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळी झाले असते. सेंटरचं नाव टाकत नाही, गंगापूर रोडच्या बाजूला आहे एवढंच.

आई ६४ ची, पंचवटीत राहते. श्रावणात रामकुंडाकडे उतरताना ओल्या पायरीवर घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले डेक्सा करून आणा. त्याआधी एका फुकट शिबिरात टाचेला जेल लावून हाडं तपासली होती तिची, "कॅल्शियम कमी आहे काकू" म्हणत एक डबा गळ्यात मारला. ते टाचेचं अल्ट्रासाऊंड असतं, डेक्सात कमरेचे मणके आणि खुबा बघतात, एकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नसतो, हे मला तेव्हा कुठे माहीत!

चांगलं ते आधी सांगते. ११ ची वेळ दिली, ११.१० ला आत घेतलं. सकाळी कॅल्शियमची गोळी घेऊ नका हे आदल्या दिवशीच फोनवर सांगितलेलं. मंगळसूत्र, पिना काढायला लावल्या, झोपवून पोटऱ्यांखाली मोठा ठोकळा दिला, मग पाऊल आत वळवून पट्टा बांधला, १५ मिनिटांत झालं, टोचणं वगैरे काही नाही. मुलगी बोलायला गोड होती. बिल २,४०० रुपये.

पण लिफ्ट बंद, चकचकीत फरशीचा जिना आणि कठडा एकाच बाजूला. हाडं ठिसूळ झालीत का बघायला ज्यांना बोलावता त्यांनाच त्या जिन्यावरून चढवता, कमाल आहे!

खरा राग मात्र फॉर्मचा. काउंटरवर "काकू उंची किती?" आई म्हणाली "पाच दोन", लिहिलं, मोजली नाही. स्मोकिंग? नाही. बास. (आई रोज मिश्री लावते, पण ते कोण विचारतंय.) रिपोर्टमध्ये टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा) मायनस २.१ आला, मायनस २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असं धरतात, त्यामुळे तिथले म्हणाले "बॉर्डरलाइन आहे, टेन्शन नका घेऊ" आणि आम्ही खूश होऊन घरी.

नंतर हाडांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आईलाच प्रश्न विचारत बसले. पाळी कधी गेली? ४१ व्या वर्षी पिशवी काढली तेव्हा अंडाशयंही काढलेली. दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या किती दिवस घेतल्या? सलग सहा महिने. आईवडलांत कुणाचा खुबा मोडला होता? हो, आजीचा, त्यानंतर ती उठलीच नाही. मग आईला भिंतीला उभं करून उंची मोजली तर १५३ सेंटीमीटर, म्हणजे पाच दोनपेक्षा चार सेंटीमीटरहून जास्त कमी! आई दोन वर्षं कुरकुरतेय की साडी पायात येते, परकर वर बांधावा लागतो, आम्हाला वाटायचं साड्याच आता जास्त पन्ह्याच्या येतात. उंची घटली म्हणून पाठीचा एक्स-रे काढला तर एक मणका दबलेला, कधी दबला कुणालाच पत्ता नाही. असे मणके बरेचदा न कळताच दबतात म्हणे. आणि दबलेल्या मणक्यात घनता उलट जास्त दिसू शकते, म्हणजे आमचा तो बॉर्डरलाइनवाला आकडासुद्धा फसवा असेल.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर फ्रॅक्स भरून दाखवलं, इंग्लंडच्या शेफिल्ड विद्यापीठाने २००८ मध्ये काढलेलं, पुढच्या दहा वर्षांत हाड मोडायची शक्यता किती ते सांगतं. वय, वजन, आधी मोडलेलं हाड, स्टिरॉइड, आमवात, दारू, सिगारेट असं सगळं त्यात येतं, खुब्याची घनता ही त्यातली फक्त एक गोष्ट. पडायची भीती किती ते त्यात धरत नाहीत, ते वेगळं बघावं लागतं. हाड मोडलेल्या बऱ्याच बायकांचा टी-स्कोअर मायनस २.५ च्या वरच असतो हेही तिथेच कळलं. आता आईचं औषध सुरू झालंय, बाथरूममध्ये दांडी लावली आणि मिश्रीची डबी मी लपवलीय, तिला सापडते.

म्हणून तीन स्टार. स्कॅन तिथे जरूर करा, पण उंची तिथेच मोजायला लावा, बॉर्डरलाइन म्हणाले तरी रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, पुढच्या वेळी त्याच मशीनवर करा म्हणजे तुलना करता येते. आणि निघण्याआधी फोन करून लिफ्ट चालू आहे का विचारा, आमच्या वेळी काउंटरवाली म्हणाली "दोन दिवसांत होईल", परवा शेजारच्या मावशी जाऊन आल्या, अजून बंदच.