गुडघ्याखालचे पीव्हीसी गमबूट : कातळाच्या सड्यावर चांगले, भातलावणीत कुचकामी

जोडी साधारण ५०० रुपयांच्या आसपास, उंची १४-१५ इंच, आत कापडी अस्तर. सर्पदंश टाळायला, त्यातही फुरशासारख्या लहान विषारी सापासाठी, वस्तू चोख आहे. त्याचे विषदंत लहान, जाड पीव्हीसीपुढे त्यांचं फारसं चालत नाही. घोणशीचे लांब असतात, तिथे हमी धरू नका. तळव्याच्या खाचा खोल बघून घ्या, नाहीतर शेवाळलेल्या कातळावर साप भेटायच्या आधीच हाड मोडेल. मोजे घालणार असाल तर एक नंबर मोठा.

लावणीत मात्र हे बूट कोणी घालणार नाही, घालूही नयेत. चिखल बूट ओढून धरतो, वरून पाणी शिरलं की पाय उचलत नाही आणि दिवसभर ओले राहिले की बोटांत चिखल्या होतात.

म्हणून गावासाठी ५० जोड्या एकदम घेण्याआधी दंशांच्या नोंदी बघा. आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात नुसतं ‘सर्पदंश’ असेल तर त्यातून काही निघत नाही. आशाताईंकडून पाच गोष्टी लिहून घ्या: किती वाजता, कुठे, कोणतं काम करताना, हाताला की पायाला, दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला. नावं नकोत. एका वाडीत वर्षाचे दंश मोजकेच, तेव्हा आजूबाजूच्या चार-पाच वाड्या आणि निदान तीन पावसाळे एकत्र धरा.

तिन्हीसांजेला पायवाटेवर पायाला दंश जास्त असतील, तर बूट आणि बॅटरी. गवत कापताना, चिरे उचलताना, पातेऱ्यातल्या, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांतल्या, काजूबिया वेचताना हाताला असतील, तर बुटांचे पैसे वाया; तिथे आधी काठीने पातेरा ढवळायचा, हातात जाड मोजे. मध्यरात्री जमिनीवर झोपलेल्याला चावला असेल तर संशय मण्यारीवर, आणि इलाज अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. देशात २००० ते २०१९ दरम्यान वर्षाला सरासरी ५८,००० सर्पदंशमृत्यूंचा अंदाज आहे. पण आपल्या वाडीला बूट हवेत की मच्छरदाणी, हे त्या आकड्यातून कळत नाही.

बुटांची एक खोड: पडवीत उभे ठेवले की आत विंचू जाऊन बसतो. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथल्याच रुग्णांवर अभ्यास करून मांडला, तरी ती वेळ कशाला आणा? बूट खुंटीला उलटे टांगा आणि पाय घालण्याआधी आपटून झटका.