पाहुणी चार महिने, घरची सात: जपानच्या स्टुडंट एक्स्चेंजचा अनुभव

मी लालबागची, आता बारावीत आहे. दहावीची परीक्षा दिल्यावर ऑगस्ट 2023 ते जुलै 2024 असे अकरा महिने स्टुडंट एक्स्चेंजवर जपानला राहून आले. परत आल्यापासून चाळीतले, कॉलेजातले, आईच्या ऑफिसातले लोक विचारत असतात, मुलीला पाठवू का, मुलाला पाठवू का, खर्च किती, खायला काय. प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकते.

आधी हा प्रकार काय आहे ते. पंधरा ते अठरा-एकोणीस वयाची मुलं परदेशातल्या एका कुटुंबात राहतात आणि तिथल्या शाळेत जातात. रोटरीचं युथ एक्स्चेंज आणि एएफएस ही यातली जुनी नावं. एएफएसची सुरुवात पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांपासून झाली आणि शाळकरी मुलांची देवाणघेवाण 1947 मध्ये सुरू झाली. मी गेले ती संस्था या दोन्हींपेक्षा वेगळी आणि लहान आहे. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्या सुधारतील अशी मला अजून आशा आहे. पद्धत मात्र तीच. ज्या घरात तुम्ही राहता त्या घराला तुम्हाला ठेवण्याचे पैसे मिळत नाहीत. हे वाक्य जाणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं. आई-बाबांनी विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा आणि संस्थेची वर्गणी असे सगळे मिळून 3 लाख 40 हजार रुपये भरले, बाबांनी त्यासाठी पीएफमधून उचल घेतली. त्यातला एक रुपयाही माझ्या दोन्ही जपानी घरांना गेला नाही. माझ्या ताटातला भात, माझ्या खोलीतला हीटर, मी आजारी पडले तेव्हा डॉक्टरकडे नेणारी गाडी, हे सगळं त्यांनी आपल्या खिशातून केलं.

निवड आणि कागदपत्रं याबद्दल थोडक्यात. मुलाखत चांगली झाली, प्रश्न पाठांतराचे नव्हते. जपानमधून येणारं सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी लागतं, त्याशिवाय इतक्या दिवसांचा व्हिसा होत नाही. ते आमच्याकडे फार उशिरा आलं आणि मुंबईच्या समन्वयकांनी तोवर आम्हाला नुसतं थांबायला सांगितलं. आईने महिनाभर नीट झोप घेतली नाही. ‘कागद अमुक टप्प्यावर आहे’ एवढा मेसेज केला असता तरी चाललं असतं.

ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावर उतरले आणि पुढे शिन-ओसाका स्टेशनहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात पश्चिम जपानमधलं ओकायामा शहर. पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली आहे. पाचवीच्या सहलीला मी ती पाहिली होती, तेवढ्या एका ओळखीच्या धाग्याला धरून मी तिथे उतरले.

माझं पहिलं घर ओकायामा शहरातल्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर. नवरा, बायको आणि कॉलेजसाठी टोकियोला गेलेल्या मुलीची रिकामी खोली, ती मला दिलेली. माणसं इतकी चांगली की त्यांच्याबद्दल वाईट शब्द तोंडातून निघणार नाही. माझ्यासाठी पलंगावर नवी चादर, टेबलावर भारताचा छोटा झेंडा. मी भारतीय म्हणून दर शनिवारी करी-राइस. बाजारात मिळणाऱ्या करीच्या वड्यांत पुष्कळदा गोमांसाची चरबी असते, मी ती खात नाही, तर तिथल्या काकूंनी तीन दुकानं फिरून चालेल अशी वडी शोधून आणली.

पण मी ताट उचलायला गेले की त्या म्हणायच्या, “ईयो, ईयो.” असू दे, असू दे. कपडे वाळत घालायला गेले की “तू बस” म्हणायच्या. भांडी त्या घासायच्या, मी सोफ्यावर. मी ज्या घरात वाढले तिथे एक खोली, गॅलरी आणि पाच माणसं. पहाटे पाणी आलं की ज्याची झोप मोडेल त्याने पिंप भरायचं. दारं दिवसभर उघडी, कोणाच्याही घरी कोणीही कोथिंबीर निवडायला बसतं. आणि इथे मी हात मांडीवर ठेवून बसले होते. संध्याकाळी साडेसहाला दार बंद झालं की घड्याळाचा आवाज ऐकू यायचा. ऑक्टोबरमध्ये मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडले. का, ते मलाच कळत नव्हतं, कारण सगळे माझ्याशी चांगलंच वागत होते.

संस्थेतर्फे तिथे एक सल्लागार बाई असतात, त्या दर महिन्याला भेटायच्या. फॉर्म भरून घ्यायच्या: जेवण ठीक का, खोली ठीक का, सुरक्षित वाटतं का. मी तिन्हीपुढे होय लिहायचे आणि तोंडाने “दाइजोबु” म्हणायचे, म्हणजे ठीक आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात. ‘तू या घरात रोज काय काम करतेस’ हा चौथा प्रश्न त्या फॉर्मवर असता, तर माझं उत्तर वाचून त्यांना सगळं समजलं असतं. संस्थेला मी परत आल्यावर लेखी कळवलं आहे की हा प्रश्न फॉर्ममध्ये घाला.

डिसेंबरच्या मध्यावर ठरल्याप्रमाणे घर बदललं. दुसरं घर शेजारच्या कुराशिकी शहरातल्या कोजिमा भागात, समुद्राजवळ. जपानमध्ये जीन्स पहिल्यांदा बनली ती कोजिमात, आणि शाळेचे गणवेशही तिथे मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. माझे तिथले ओतोसान, म्हणजे बाबा, गणवेशाच्याच कारखान्यात कापड कापण्याच्या विभागात. ओकासान, म्हणजे आई, वृद्धाश्रमात शिफ्टमध्ये काम करते. तेरा वर्षांचा एक भाऊ आणि आजी. मी पोचले त्या संध्याकाळी ओकासानची ड्युटी होती म्हणून ती घाईत होती. तिने फ्रिजवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. आठवड्याचे सात रकाने, पाच नावं, पाचवं नाव माझं, काताकाना लिपीत. माझ्या ओळीत लिहिलेलं: ओफुरो. न्हाणीघर. टब रोज घासायचा, संध्याकाळी पाणी भरायचं. तिने मला स्पंज दिला, त्याच्या दोरीलाही माझ्या नावाची चिठ्ठी, आणि ती कामावर निघून गेली. त्या रात्री मी रडले नाही.

जपानी अंघोळ समजून घेतल्याशिवाय जाऊ नका. टबाबाहेर बसून साबण लावून स्वच्छ धुऊन घ्यायचं आणि मग नुसतं डुंबायला गरम पाण्यात उतरायचं. तेच पाणी घरातले सगळे वापरतात, म्हणून अंग न धुता टबात पाय ठेवणं ही फार मोठी चूक. शेवटच्या माणसाचं झालं की आमच्या घरी ते पाणी छोट्या पंपाने वॉशिंग मशीनमध्ये जायचं. हे पाहिलं तेव्हा मला आमची चाळ आठवली, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालणारी आई आठवली. मी ओकासानला सांगितलं की आमच्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं आणि आम्ही पिंपात भरून ठेवतो. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून पंप लावायचं कामही माझ्याकडे आलं.

जेवणाबद्दल मालवणी माणसांनी काळजी करू नये. ओकायामाचे लोक सावारा नावाचा मासा फार आवडीने खातात, अगदी कच्चाही, आणि तो आपल्या सुरमईच्याच कुळातला आहे. आईने लालबागच्या बाजारातून कुटून आणलेला अर्धा किलो मसाला आणि आगळाची बाटली मी नेली होती. जानेवारीतल्या एका रविवारी मी सावाराचं तिखलं केलं. खोकत खोकत का होईना, आजीने दोन वाट्या भात खाल्ला आणि मला ममाकारी या छोट्या माशाची गोष्ट सांगितली. ममा म्हणजे भात, कारी म्हणजे उसना घेणं. मासा इतका चवदार की घरातला भात संपतो आणि शेजाऱ्याकडे उसना मागायला जावं लागतं. हे नाव ऐकून मला आमची गॅलरी डोळ्यांसमोर आली. शाकाहारी मुलांना मात्र जड जाईल, हे खरं सांगायला हवं. सूपपासून भाजीपर्यंत सगळ्याला सुक्या माशाचं दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, असतं. कोंबू या समुद्री शेवाळाचं दाशी करता येतं, पण ते घराला आधी सांगावं लागेल.

आजी मूळची कुराशिकीतल्याच माबी भागातली. जुलै 2018 मध्ये मोठ्या पावसात तिथल्या ओदा नदीचे बांध फुटले, तिचं घर पाण्याखाली गेलं, तेव्हापासून ती मुलाकडे. पाऊस सुरू झाला की ती खिडकीशी उभी राहायची. मी तिला 26 जुलै 2005 सांगितला, माझ्या जन्माआधीचा, पण आमच्या घरात दर पावसाळ्यात सांगितला जाणारा: सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस, आणि बाबा अंधेरीहून लालबागपर्यंत चालत आले. माझं जपानी तोवर मोडकंच होतं. आकडा मी कागदावर लिहून दाखवला. आजीने तो बराच वेळ पाहिला.

ओतोसानने मला कुराशिकीतल्या आयव्ही स्क्वेअरला नेलं. लाल विटांची, वेलींनी झाकलेली ती इमारत म्हणजे 1889 मधली सूतगिरणी, 1974 पासून तिथे हॉटेल आहे. माझे आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर होते आणि 1982 च्या संपानंतर पुन्हा कधी कामावर गेले नाहीत. आमच्या आजूबाजूच्या गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. इथे भिंती उभ्या होत्या, कंपनीच्या इतिहासाचं संग्रहालय होतं, पुढच्या पिढीला हात लावून बघायला विटा होत्या. मी त्या भिंतीला हात लावला आणि ओतोसानला आजोबांबद्दल सांगितलं. ते स्वतः दिवसभर कापडात हात घालणारे, त्यांनी फक्त विचारलं, “कोणत्या खात्यात?” असा प्रश्न मला मुंबईतसुद्धा फार कोणी विचारलेला नाही.

31 डिसेंबरच्या रात्री देवळात घंटा 108 वेळा वाजवतात. रांगेत उभं राहून एक टोल मीही दिला. आपल्या जपमाळेतही मणी 108 असतात, हे सांगितल्यावर आजीला विलक्षण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी 4 वाजून 10 मिनिटांनी नोतो भागात 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. आमच्यापासून तो खूप दूर, आमचा टांगलेला दिवा हळूहळू हलत राहिला इतकंच, पण टीव्हीवर निवेदिका त्सुनामीपासून पळा म्हणून ओरडत होती. आपल्याकडे तेव्हा पावणेएक. आईने बातमी पाहिली आणि तिचे हात कापायला लागले. जपानमधल्या सल्लागार बाईंचा फोन अर्ध्या तासात आला, मी सुखरूप आहे हे त्यांनी नोंदवून घेतलं. मुंबईच्या समन्वयकांचा आईला फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर आईने चार वेळा आपत्कालीन नंबर लावला होता, कोणी उचलला नाही. संस्थेला मी पाचपैकी एक तारा कमी देते तो या फोनसाठी. जपानमधल्या बाजूचं काम चोख आहे, मुंबईच्या बाजूने शिकायला हवं.

शाळेबद्दल: मुलं स्वतः वर्ग झाडतात, पुसतात, मीही केलं. गणित सोपं गेलं, इतिहास काही समजला नाही. मी सुलेखनाच्या क्लबात गेले आणि तिथल्या ब्रशने देवनागरी लिहिली. परत आल्यावर अकरावीला प्रवेश घेताना एक वर्षाच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. माझ्या मैत्रिणी एक वर्ष पुढे गेल्या. याचं वाईट वाटतं, कॉलेजच्या कट्ट्यावर तर रोज वाटतं. ज्यांना हे जड वाटेल त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतला छोटा कार्यक्रम पाहावा.

अर्ज करताना घराबद्दलच्या रकान्यात बहुतेक जण ‘शांत, स्वतंत्र खोली’ लिहितात. मीही तेच लिहिलं होतं आणि मला तेच मिळालं. तुम्ही लिहा की मला घरात काम द्या. मुलांच्या आई-वडिलांनीही रोज व्हिडिओ कॉल करू नये. आईने रविवारचा एक ठरवला होता, आणि त्यामुळेच बाकीचे सहा दिवस मी तिथल्या घरात होते.

तिथे घरातून निघताना “इत्तेकिमासु” म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येते’. निघताना नुसतं ‘जाते’ म्हणू नये, ही शिकवण मला माझ्या स्वतःच्या आजीने लहानपणी दिली होती, तीच तिथल्या दारात भेटली. जुलैमध्ये ओकायामा स्टेशनवर निरोपाचं कुठलंही वाक्य मला सुचेना, तेव्हा मी तेच म्हणाले. चौघांनी एकदम उत्तर दिलं, “इत्तेराश्शाइ.” जाऊन ये.

गेल्या रविवारी ओकासानचा फोन होता. फ्रिजवरचा तक्ता अजून तोच आहे. माझ्या ओळीत ओतोसानने पेन्सिलने आपलं नाव लिहिलंय, माझं खोडलेलं नाही. स्पंज खुंटीवर आहे.