क्षेत्रभेट: नांदूर मधमेश्वर की सोमेश्वरचा काठ?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका शाळेतल्या चौथीच्या बाईंनी विचारलं: भूगोलाची क्षेत्रभेट एकच होणार, तर बस करून नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात न्यावं की इथेच गोदावरीकाठी, सोमेश्वरला?

खर्चात तुलनाच नको. निफाड तालुक्यापर्यंतची बस एकीकडे, दुसरीकडे रिक्षाभर अंतर. फक्त सोमेश्वरला पावसाळा टाळा, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं नाही ना ते पाहा. खडक निसरडे असतात.

मुलांच्या हाताला काय लागतं, ते बघा. नांदूरला गोदावरी-कादवेचा संगम, बंधारा, साचलेला गाळ, हिवाळ्यात पाहुणे पक्षी. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पण सगळं दुरून, दुर्बिणीसाठी रांग लावून. सोमेश्वरला काळा बेसाल्ट खडक हातात घेता येतो, त्यातली बारीक भोकं बोटाला लागतात. बरणीत काठची माती नि पाणी ढवळून ठेवलं की आधी वाळू बसते, मग गाळ. पावलं मोजून काढलेला नकाशा वाकडातिकडा येणारच. येऊ द्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन सुधारता येतो.

चौथीपर्यंत सोमेश्वरच. पक्ष्यांचं वेड असलेला मोठा वर्ग असेल, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटेच निघून नांदूर.