कॅम्पर व्हॅनवरचं सोलर, बॅटरी आणि आमच्याकडचं ऊन: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

दिवाळीत गाडी तयार झाली, आता पोळा आलाय. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आतल्या सीटा काढल्या, टपावर 200 वॅटचे दोन पॅनल, आत 12.8 व्होल्ट 200 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, 1000 वॅटचा प्युअर साईन वेव्ह इन्व्हर्टर, पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणारा एमपीपीटी कंट्रोलर, आणि गाडी चालू असताना बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर. वेरूळ, पैठण, येलदरी, औंढा, नळदुर्ग, माहूर मिळून चाळीस-एक रात्री गाडीत काढल्या. लिहायचं कारण एकच, घेण्याआधी मी जेवढे व्हिडिओ बघितले ते सगळे थंड मुलखातले होते, मे महिन्यातला मराठवाडा त्यात कुठंच नव्हता.

आमच्याकडं खरी ओढाताण सावलीची आहे. पॅनलला ऊन पाहिजे आणि आपल्याला लिंबाचं झाड पाहिजे. वेरूळला पहिल्यांदा झाडाखाली गाडी लावली तर एका पॅनलच्या कोपऱ्यावर फांदीची सावली पडलेली, आणि दोन्ही पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकाच साखळीत जोडलेले, असूनसुद्धा मला वाटलं होतं थोडंफारच कमी होईल, ॲपवर बघतो तर 300 च्या जागी 130 वॅट. मग एक 100 वॅटचा फोल्डिंग पॅनल आणि 10 मीटर जाड वायर घेतली, आता गाडी सावलीत आणि तो पॅनल उन्हात. त्याचा कंट्रोलर मात्र बॅटरीजवळच ठेवा, पॅनलजवळ लावला तर लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि बॅटरी पूर्ण भरत नाही. येलदरीला एक शेतकरी काका बैल पाजायला आले होते, थांबून विचारलं, "हे काय वाळू घातलाव?" त्यांच्या स्वतःच्या शेतात सोलर पंप होता, सांगितल्यावर मलाच म्हणाले पॅनल सकाळी पुसत जा, धूळ लई खाती. खरंय, मार्च-एप्रिलमध्ये आठवडाभर नाही पुसला तर फरक दिसतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो तो, त्यामुळं टपावर सपाट टाकलेल्या पॅनलला डिसेंबरपेक्षा मेमध्ये जास्त मिळतं. हिवाळ्यात मला दिवसाला साधारण 1.4 युनिट मिळायचे, मेमध्ये 1.9 पर्यंत गेले. पण दुपारी पॅनल हात लावू देत नाही एवढा तापतो, आणि 25 अंशाच्या वर दर अंशाला 0.35 टक्क्याच्या आसपास ताकद कमी होते, म्हणून 400 वॅटचे 400 कधीच दिसले नाहीत.

जास्त घोर बॅटरीचा होता. मी ती मागच्या बेडखाली बंद पेटीत ठेवली होती. परळीजवळ एका दुपारी ॲपवर बॅटरीचं तापमान 48 दाखवायला लागलं, आणि कागदावर चार्जिंगची मर्यादा 45 लिहिलेली. त्याच दिवशी सोलरचा स्विच पाडला, आणि घरी आल्यावर बॅटरी ड्रायव्हर सीटच्या मागं आणली, पेटीला खाली-वर जाळ्या आणि कॉम्प्युटरमधला छोटा 12 व्होल्टचा पंखा लावला. तेव्हापासून 41 च्या वर गेली नाही. उत्तर हिंदुस्थानातले लोक थंडीत चार्ज होत नाही म्हणून लिहितात, आपला त्रास नेमका उलटा.

इन्व्हर्टरबद्दल माझं मत ठाम झालंय, तो जेवढा बंद राहील तेवढं बरं. काहीच न लावता नुसता चालू ठेवला तरी 12 वॅट खातो, म्हणजे 24 तासात पाव युनिटपेक्षा जास्त. आता पंखा, लाईट, फ्रीज, मोबाईल सगळं थेट 12 व्होल्टवर आहे. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा 28 वॅटचा, रात्रभर चालला तरी 300 वॅट अवरच्या, म्हणजे 0.3 युनिटच्या आत. फ्रीज मात्र मेमध्ये जवळजवळ थांबतच नाही, तिथं एकटा पाऊण युनिट घेतो. इन्व्हर्टर फक्त लॅपटॉप आणि मिक्सरला. एसीचा विचार सोडून द्या, ओली चादर खिडकीला आणि पंखा, एवढ्यावर रात्र जाते.

मिक्सरवरून सांगतो. पैठणला नाथसागराच्या काठी बायको ठेचा करत होती, 750 वॅटचा मिक्सर बॅटरीतून 65-70 अँपिअर ओढतो. दुसऱ्या फेरीला प्लास्टिक जळाल्याचा वास आला. झाकण काढलं तर इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हचा लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) काळा पडलेला, लाल स्लीव्ह आक्रसून मागं सरकलेली, आणि वायर हलवली की लगमध्ये फिरत होती. ज्याने फिटिंग केलं त्याने हातोडीने ठोकून लग बसवला होता आणि बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. दोन्ही मुलं आत झोपली होती, तो वास अजून आठवतो. नंतर 35 स्क्वेअर एमएमची वायर, हायड्रॉलिक मशीनने दाबलेले लग आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर 125 अँपिअरचा फ्यूज टाकून घेतला. काम घेताना हे तीन स्वतः डोळ्यांनी बघा, फिटरच्या शब्दावर जाऊ नका.

अजून एक, लिथियमचं व्होल्टेज बघून किती उरली ते कळत नाही, 80 टक्के आणि 40 टक्के जवळजवळ सारखंच दिसतं. शंट लावा, म्हणजे बॅटरीत किती करंट गेला आणि किती बाहेर आला ते मोजणारं यंत्र. मी तो चौथ्या महिन्यात लावला, तोपर्यंत अंदाजपंचे चाललं होतं.

पावसाळ्यात माहूरला दोन दिवस आभाळ भरलेलं, दिवसाला जेमतेम अर्धा युनिट आलं, तिसऱ्या सकाळी बॅटरी 38 टक्क्यांवर. किनवटपर्यंत जाऊन आलो, तेवढ्या ड्रायव्हिंगमध्ये डीसी-डीसी चार्जरने अर्ध्या युनिटच्या वर भरलं. आता पोळा झाला की सहस्रकुंड, फोल्डिंग पॅनलची वायर 15 मीटर केली आहे.